सेतुनाना

दोन कलावंत आपापल्या देशात सुखानं वाजवत बसलेत, हे नानांना पाहवत नाही. त्यातला एक पुण्याचा तबलजी असेल आणि दुसरा बेल्जियमचा चेल्लोवाला, तर मग विचारूच नका. या दोघांना एका मंचावर बसवलं नाही तर मानवजातीचं काहीतरी कायमचं राहून जाईल, असं त्यांना अगदी मनापासून वाटतं. मग मेल जातात, वकिलातींना अर्ज जातात, कोथरूडच्या एखाद्या सभागृहाचं रविवार संध्याकाळचं सत्र मिळतं, आणि एके दिवशी नाना प्रवेशिकांचा गठ्ठा घेऊन आमच्या दारात उभे राहतात. "मोफत आहे. पण घेतलीस तर यायचं. खुर्च्या रिकाम्या दिसल्या की पाहुण्यांना वाटतं, देशच रिकामा आहे."

सोसायटीत त्यांना सेतुनाना म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायचे. पण ते नानांच्या कानावर गेलं आणि त्यांना इतकं आवडलं, की आता पाठीमागे म्हणण्यात काही मजाच उरली नाही. त्यांच्या कार्यक्रमांची नावं सेतू, संगम, मिलाप, अनुबंध अशी फिरून फिरून तीच येतात. 'संगम' पुन्हा आला तेव्हा माई, म्हणजे नानांच्या सौभाग्यवती, पत्रिका वाचून एवढंच म्हणाल्या, "अहो, प्रयागलासुद्धा तो एकदाच झालाय."

नाना एका बँकेच्या परकीय चलन विभागातून निवृत्त झाले. उभी हयात डॉलर, पौंड आणि येन यांचे रुपये करून देण्यात गेली. निवृत्तीनंतर चलन सुटलं, परकीय तेवढं राहिलं. बोलण्यात मात्र अजून बँकच असते. कलावंताचं मानधन ठरलं की "दर पक्का झाला", कार्यक्रम रद्द झाला तर "पतपत्र परत आलं", आणि एखाद्या जुगलबंदीत आपला गायक झाकला गेला तर "वटणावळ आपल्याच खिशातून गेली हो." अंगावर खादीचा झब्बा, गळ्यात कुठल्याशा मध्य आशियाई देशाचा मफलर, पायांत कोल्हापुरी. मफलर पुण्याच्या मार्च महिन्यातही निघत नाही.

रागांची तर त्यांनी व्हिसाच्या हिशेबानं वर्गवारी करून टाकली आहे. किरवाणीला व्हिसा लागत नाही. हे त्यांचं म्हणणं खोटंही नाही, कारण किरवाणीचे सूर म्हणजे पाश्चात्त्यांचा हार्मोनिक मायनर, त्यामुळे युरोपातून आलेल्या कुणालाही तो राग घरचाच वाटतो. भूप पाच सुरांचा, तो चीनमध्येही चालतो आणि स्कॉटलंडमध्येही. हंसध्वनीला आगमनानंतर व्हिसा मिळतो. दरबारीला मात्र पासपोर्टच नाही. त्याचा तो आंदोलित कोमल गंधार कुठल्याच पियानोच्या पट्टीत बसत नाही. एका जर्मन पियानोवाल्यानं एकदा दरबारी वाजवू का म्हणून विचारलं, तर नानांनी सीमाशुल्क अधिकाऱ्याच्या चेहऱ्यानं त्याला थांबवलं. त्यामुळे नानांचे कार्यक्रम नियमित ऐकणाऱ्या आम्हा मंडळींना किरवाणी पाठ झाला आहे. आमच्या सोसायटीचा वॉचमनदेखील गाडी मागे घेताना किरवाणीच्या अंगानं शिट्टी वाजवतो.

अशा माणसाची थट्टा सोपी असते, आणि ती मी करणारच आहे. पण नानांचा अभ्यास कच्चा नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. कार्यक्रमाच्या सुरुवातीला ते जे भाषण करतात, त्यातला प्रत्येक सनावळीचा आकडा बरोबर असतो. तेवढ्यानं भाषण लहान होत नाही, ही गोष्ट वेगळी.

भाषण सुरू होतं तंजावरपासून. कार्यक्रम जपानी बासरीचा असो की स्पॅनिश गिटारचा, आधी तंजावरला जाऊन यावंच लागतं. तिथल्या मराठी गादीवर 1798 साली सरफोजीराजे दुसरे बसले. त्यांनी दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा ताफा ठेवला, त्याला तंजावर बँड म्हणत. नाचासाठी मराठी निरूपणं रचली गेली ती याच राजाच्या नावावर. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चौघे भाऊ या दरबाराच्या आश्रयानं वाढले. आजचं भरतनाट्यम ज्या क्रमानं सादर होतं तो क्रम बसवण्याचं श्रेय त्यांना देतात, आणि व्हायोलिन दक्षिणेच्या संगीतात रुळवणाऱ्यांत वडिवेलूचं नाव आघाडीवर आहे. हे सगळं सांगून नाना क्षणभर थांबतात, चष्मा काढतात आणि म्हणतात, "म्हणजे मंडळी, फ्यूजन कुणी सुरू केलं? मराठी माणसानं!"

इथे टाळ्या पडतात. संध्याकाळभरात हमखास टाळ्यांची हीच एक जागा असते, आणि नानांना ते ठाऊक आहे. या निष्कर्षाला इतिहासकार मान्यता देतील की नाही, देवच जाणे. पण पुण्यातल्या श्रोत्याला एकदा का संगीताचा उगम मराठी सिद्ध झाला, की पुढे बेल्जियमचा माणूस काय वाटेल ते वाजवो, त्याची ना नसते.

तंजावरहून नाना 1923 सालच्या लंडनला जातात. तिथे रशियन बॅले नर्तिका ॲना पावलोवा हिच्याबरोबर उदयशंकर कॉव्हेंट गार्डनच्या रंगमंचावर कृष्ण होऊन उभे राहिले. पुढे उदयशंकरांनी स्वतःचा संच काढला तेव्हा त्याच्या संगीताची धुरा वाहणाऱ्यांत विष्णुदास शिराळी होते. आणि शिराळी कुणाचे शिष्य? विष्णु दिगंबर पलुसकरांचे! पुन्हा थोड्या टाळ्या. मग 1966 सालचा बाथचा महोत्सव, यहुदी मेन्युहिन आणि रविशंकर, नंतर आलेली त्यांची ध्वनिमुद्रिका, मग 'शक्ती' हा संच, जॉन मॅक्लॉक्लिन, झाकिर हुसेन. झाकिरभाईंचं नाव आलं की नानांचा आवाज जरा खाली येतो. 2024 च्या फेब्रुवारीत 'शक्ती'ला ग्रॅमी मिळालं आणि त्याच डिसेंबरात ते गेले. त्यानंतर नानांनी महिनाभर एकही कार्यक्रम ठरवला नाही. माईंनी तेव्हा डॉक्टरांना फोन केला होता.

भाषणाच्या शेवटच्या टप्प्यात गोवा येतो. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांतून व्हायोलिन वाजवायचे, इतरांसाठी वाद्यमेळ लिहायचे. त्यांनी 1958 साली मुंबईत झेवियर्स कॉलेजच्या आवारात भलामोठा वाद्यवृंद उभा केला. रागदारीवर रचलेलं सिंफनीच्या धर्तीचं संगीत, आणि गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. "आणि आज त्यांचं नाव आपल्याला कशामुळे माहीत आहे?" नाना विचारतात. उत्तर सगळ्यांना येतं, पण सभागृहात बोलायची लाज वाटते. 'अमर अकबर अँथनी'त, 1977 साली, प्यारेलालजींनी आपल्या या गुरूचं नाव गाण्यात घातलं, आणि अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभनं ते देशभर पोचवलं. नाना हे सांगतात तेव्हा त्यांचा राग खरा असतो. राग अमिताभवर नसतो. 1958 साली आपण सभागृहाच्या तारखा मिळवण्याच्या वयात नव्हतो, याचा असतो.

आता हे भाषण इतकं लांबतं कशाला, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. लोक चुळबुळ करतात, पुढच्या रांगेतले निमंत्रित घड्याळ बघतात, पोरं कागदाची विमानं करतात, आणि नाना 1923 सालातच असतात. मग एकदा विंगेत उभं राहायची पाळी आली तेव्हा उलगडा झाला. पडद्यामागे तबलजी हातोडी घेऊन गठ्ठे ठोकत होता. सभागृहाचा एसी नुकताच लागलेला, त्यामुळे दायाँ सुरातून हलला होता. तंबोऱ्याची जवारी बिनसली होती. चेल्लोवाला कानाशी ट्यूनर धरून हताश बसला होता. आणि तबलजी पडद्याच्या फटीतून नानांना बोटांनी खुणावत होता : अजून पाच. नानांनी पाठ न वळवता मान हलवली आणि पावलोवाला पुन्हा एकदा रंगमंचावर आणलं.

यामागे नानांचं एक तत्त्व आहे. 1 ऑगस्ट 1971 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठी जो जलसा झाला, त्यात रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ आधी वाद्यं जुळवत होते. जुळवून झाली आणि हजारो श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तेव्हा रविशंकरांनी अगदी नम्रपणे सांगितलं, की जुळवणीच एवढी आवडली असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे. "अमेरिकन माणूस जुळवणीला टाळ्या देतो," नाना म्हणतात. "आपला माणूस जुळवणी ऐकली की म्हणतो, घरून लावून आणता येत नाही का? म्हणून मी बोलतो." हे मला पटलं. पटलं नाही ते एवढंच, की वाद्यं लागल्याची खूण आली तरी नाना पुढची दहा मिनिटं थांबत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात जो 'अनुबंध' झाला, त्याची तालीम नानांच्या हॉलमध्ये होती. सोफा बाल्कनीत गेला होता. आमचे गायकबुवा, तबलजी, एक कथक नर्तकी, बर्लिनहून आलेली एक समकालीन नृत्य करणारी बाई, आणि तो बेल्जियमचा चेल्लोवाला. माईंनी सगळ्यांना पुरणपोळी वाढली. चेल्लोवाला तूप खात नव्हता, दूध पीत नव्हता, मध चालत नव्हता. माईंनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं आणि विचारलं, "कसला उपास आहे?"

जेवण झालं आणि पट्टीचा प्रश्न निघाला. बुवा म्हणाले, "काळी एक." ते भाषांतरित होऊन बेल्जियमला पोचलं आणि त्या माणसाचा चेहरा पडला. चेल्लोच्या मोकळ्या तारा सी, जी, डी आणि ए अशा लावलेल्या असतात. काळी एक धरली तर त्या चारांत ना षड्ज सापडत होता ना पंचम. पांढरी दोन धरली तर दोन्ही सापडत होते. म्हणजे अडचण अर्ध्या सुराची होती. पण अर्धा सूर म्हणजे काय, हे गाणाऱ्याला विचारावं.

"कीबोर्डला ते ट्रान्सपोजचं बटण असतं," नाना म्हणाले, "तसं याला नसतं का?"

नसतं, असं कळलं.

"मग असं करू," नाना पुढे सरकले. डोळ्यांत परकीय चलन विभागाची जुनी चमक आली होती. "काळी एक आणि पांढरी दोन. मधला दर काढू."

हॉलमध्ये शांतता पसरली. पेटीवर या दोन पट्ट्यांच्या मध्ये फट असते. फक्त फट. तबलजीनं ती नानांना बोटानं दाखवली. नानांनी वाकून, चष्मा लावून, फटीकडे बराच वेळ पाहिलं.

शेवटी बुवांनीच माघार घेतली, पण फुकट नाही. पांढरी दोनमध्ये गाईन, मात्र तार षड्जावर जास्त वेळ उभा राहणार नाही, आणि फलकावर माझं नाव वर. चेल्लोवाल्याला नाव कुठे आहे याचं सोयरसुतक नव्हतं, कारण फलक मराठीत होता. समझोता झाला. नाना म्हणाले, "बघा, संवादानं काय साधत नाही?" आणि चहाला हाक दिली.

माईंना यातलं काही आवडत नाही, असं नाही. त्यांचा आवडता काळ म्हणजे बालगंधर्वांची पदं, मागे पायपेटी आणि सारंगी. नाना त्यावरून त्यांना चिडवतात, की तुमची ती पायपेटीदेखील परदेशीच. ऑर्गन तो, साहेबाच्या चर्चमधला. हातपेटीचंही तेच, तिच्या मूळ पेटीचा जन्म 1840 च्या सुमाराला पॅरिसमध्ये झाला. आकाशवाणीनं 1940 साली तिला परकी म्हणून बंदी घातली, ती सैल व्हायला 1971 उजाडलं, आणि या एकतीस वर्षांत महाराष्ट्रातल्या एकाही कीर्तनकारानं ती खाली ठेवली नाही. "मग माझ्या चेल्लोवाल्यानंच काय घोडं मारलंय?"

माई चहा गाळता गाळता म्हणाल्या, "पेटी आली ती राहिली. इथलं खाल्लं, इथल्या मुलींची लग्नं पाहिली. तुमचे पाहुणे सोमवारच्या विमानानं जातात."

नानांना त्यावर उत्तर सुचलं नाही. त्यांनी विमानाची वेळ मंगळवार पहाटेची आहे, एवढी दुरुस्ती केली. मला विचाराल तर माईंच्या त्या एका वाक्यात नानांच्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त संगीतशास्त्र आहे. तंजावरला व्हायोलिन रुळलं ते कुणी संध्याकाळचा कार्यक्रम ठरवून नव्हे. माणसं वर्षानुवर्षं ते घेऊन बसली, मांडी घालून बसली, धरायची तऱ्हा बदलली, तारांची जुळणी बदलली, आणि एक दिवस ते इथलं झालं. नानांकडे मात्र रविवारचं सत्र असतं, साडेनऊला सभागृह रिकामं करून द्यायचं असतं.

तालमीतला दुसरा तंटा जमिनीचा निघाला. जमिनीवरून तंटे हे आपल्याकडे नवीन नाही, पण हा वेगळा होता. बर्लिनच्या बाईला लोळायचं होतं, म्हणून तिला मंचावर व्हिनाइलचं जाजम हवं होतं, उघड्या फळ्यांवर अंग सोलवटतं. कथकवालीला नेमक्या उघड्या फळ्याच हव्या होत्या, कारण त्या रबरी जाजमावर तत्कार केला तर पायाचा आवाज गिळला जातो. शिवाय घुंगरांचा प्रश्न. पायांत शंभर-शंभर घुंगरं बांधून गिरक्या घेतल्या की एखाददुसरं सुटून पडतंच, आणि मग त्याच जागी दुसरी बाई उघड्या पाठीनं लोळणार. यावर तोडगा नानांनी नव्हे, सभागृहाच्या एका कामगारानं काढला. जाजम मधोमध पसरलं, विंगेच्या बाजूला हातभर फळ्या मोकळ्या सोडल्या, आणि दोन नाचांच्या मध्ये तो स्वतः कुंचा घेऊन येईल असं ठरलं. प्रत्यक्ष कार्यक्रमात तो आला, वाकून एक एक घुंगरू वेचलं, खिशात टाकलं आणि गेला. प्रेक्षकांना तो नृत्याचाच भाग वाटला. त्याला टाळ्या मिळाल्या.

बर्लिनच्या बाईचा नाच सुरू झाला तेव्हा ती आडवी होती आणि बराच वेळ आडवीच राहिली. माझ्या मागच्या रांगेत कुजबुज झाली.

"अगं, झोपली का ही?"

"दमली असेल. लांबचा प्रवास आहे."

"मग उद्या ठेवायचं होतं."

हळूहळू तिचा एक तळवा वळायला लागला. मग मनगट, मग कोपर. ती उठून उभी राहीपर्यंत मागच्या रांगेतली कुजबुज थांबली होती. पुढे कथकवाली आली आणि दोघी एकाच वेळी फिरू लागल्या, एक विजेसारखी आणि दुसरी इतकी सावकाश, की फिरतेय हे तिच्या सावलीवरून कळावं. नाना शेजारच्या माणसाच्या कानात बोलत होते ते थांबले. त्यांनी अस्ताद देबूंना पाहिलंय. कथक आणि कथकली दोन्ही शिकलेला तो माणूस मणिपूरच्या पुंग-ढोलवाल्यांबरोबर नाचला, ऐकू न येणाऱ्या मुलांना घेऊन नाचला, आणि सावकाश गोल फिरत राहिला की बघणाऱ्याला श्वास घ्यायचं भान राहायचं नाही, असं नाना सांगतात. देबू 2020 साली गेले. त्यांच्याबद्दल नाना मंचावरून कधी बोलत नाहीत. घरी, तेही माईंपाशी, बोलतात.

तरीही त्या संध्याकाळची खरी गंमत पुढेच होती.

शेवटची रचना रूपकमध्ये होती, सात मात्रांची. ही सात मात्रांची भानगड युरोपातल्या माणसाला समजत नाही असं नाही, ते सातात चांगलं वाजवतात. पण रूपकची सम 'खाली'च्या जागी येते. जिथे जोर द्यायचा तिथे तबला हलका बोलतो, आणि नवख्या माणसाला वाटतं की पहिलं पाऊल कुणीतरी चोरलं. म्हणून तालमीत ठरलं होतं की बुवांनी हातानं सम दाखवायची आणि चेल्लोवाल्यानं बुवांकडे बघायचं. प्रत्यक्षात बुवा रंगले, त्यांनी डोळे मिटले आणि हातानं ते सम सोडून बाकी सगळं दाखवू लागले. तबलजी खाली बैठकीवर, चेल्लोवाला वर खुर्चीवर, मधे मॉनिटरचं खोकं. बिचाऱ्याला काही दिसेना. त्यानं मदतीसाठी समोर पाहिलं, तर पहिल्या रांगेत मधोमध एक भारदस्त वृद्ध गृहस्थ, झब्बा, मफलर, डोळे अर्धे मिटलेले, मांडीवर अत्यंत आत्मविश्वासानं ताल देत होते.

नाना ताल एकच देतात. त्रिताल. समोर काहीही चालू असो, झपताल असो, राष्ट्रगीत असो, नानांची मांडी त्रितालात असते. टाळी, टाळी, खाली, टाळी. चेल्लोवाल्यानं ती मांडी धरली. सात आणि चार यांची गाठ अठ्ठावीस मात्रांनी एकदा पडते, त्यामुळे अधूनमधून नानांचा हात समेवर बरोबर पडायचा. त्यानं तर त्या माणसाचा विश्वास आणखीच वाढला.

आता पुण्याचा श्रोता तालाच्या बाबतीत फसवायला कठीण. रोहिणीताई भाट्यांनी 1947 साली इथे नृत्यभारती काढली, तेव्हापासून या गावात मुलींच्या पिढ्यानपिढ्या तत्कार करत वाढल्या. त्यातल्या निम्म्या त्या दिवशी सभागृहात असाव्यात, कारण तिसऱ्या आवर्तनापासूनच इकडून तिकडून बोटांची पेरं मोजली जाऊ लागली. दुसऱ्या रांगेतल्या एक बाई तर मोठ्यानं "ती ती ना" म्हणाल्या. तबलजीचे डोळे मोठे झाले. त्यानं दोन वेळा जोरात तिहाई घेऊन सम मांडून दाखवली. चेल्लोवाल्यानं दोन्ही वेळा तिला आदरानं वाट करून दिली आणि पुन्हा नानांच्या मांडीकडे पाहिलं.

सावरलं ते कथकवालीनं. या रचनेत तिचा प्रवेश अजून व्हायचा होता. ती विंगेतून आली, पण जाजमावर नाही गेली. कडेला हातभर मोकळ्या सोडलेल्या फळ्या होत्या, तिथेच उभी राहिली आणि रूपकचा तत्कार सुरू केला. समेला टाच अशी मारली की फळी बोलली. एक आवर्तन, दोन आवर्तनं. चेल्लोवाल्यानं मान वळवली. त्याच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ, मग लाज, मग एकदम हसू आलं. त्यानं गज उचलून धरला, एक आवर्तन नुसतं ऐकलं आणि पुढच्या समेला असा काही उतरला, की बुवांनीदेखील डोळे उघडले. त्यानंतरची दोनेक मिनिटं त्या चौघांनी जे केलं ते कुठल्याच तालमीत नव्हतं. मला किरवाणी पाठ झाला आहे हे वर सांगितलंच आहे. त्या दोन मिनिटांत तो राग किरवाणी होता हे माझ्या ध्यानातही राहिलं नाही.

"वा! क्या बात है!" नाना ओरडले. मांडी अजून त्रितालात होती.

दुसऱ्या रांगेतल्या बाई पाठीला टेकल्या आणि म्हणाल्या, "आली बाई एकदाची."

मग सत्कार. शाल, श्रीफळ आणि पुणेरी पगडी. पगडी बेल्जियमच्या डोक्याला लहान झाली. ती टाळूवर ठेवून तो फोटोपुरता मान न हलवता उभा राहिला. बर्लिनच्या बाईनं नारळ दोन्ही हातांत घेतला, कानाशी हलवून पाहिला, आत पाणी वाजतंय हे कळल्यावर तिला फारच आनंद झाला. विमानात नेता येणार नाही असं कुणीतरी सांगताच तिनं तो माईंना दिला, आणि माईंनी तो लगेच पिशवीत टाकला. घरून येताना त्यांनी पिशवी आणली होती. सभागृहाच्या माणसानं दिवे दोनदा मिचकावले.

बाहेर पायऱ्यांवर एका वार्ताहर मुलीनं नानांना गाठलं. मध्यंतरी ताल जरा सुटल्यासारखा वाटला का, असं तिनं भीतभीत विचारलं. नानांनी मफलर सारखा केला. "तो ताण मुद्दाम ठेवला होता. दोन संस्कृती भेटतात तेव्हा आधी ठेच लागतेच. ती ठेच ऐकू आली पाहिजे, ही कल्पना माझी." तिनं ते लिहून घेतलं. मागे तबलजी तबल्याची पिशवी खांद्याला लावून उभा होता. त्यानं आकाशाकडे पाहिलं. मानधनाचा लिफाफा अजून नानांच्या खिशात होता, त्यामुळे तो काही बोलला नाही.

मी रिक्षा शोधत होतो तेवढ्यात नानांनी मागून माझा दंड धरला. फोनवर कुठलासा फोटो होता, बर्फात उभी असलेली एक बाई, छातीवर भलंमोठं वाद्य.

"फिनलंडची आहे. अॅकॉर्डियन. जूनमध्ये येतेय. तुझ्या ओळखीत कुणी सनईवाला आहे का?"

मी म्हटलं, आहे, पण नाना, सनईची पट्टी ठरलेली असते, वर नाही की खाली नाही. अॅकॉर्डियनचे सूरही पक्के बसवलेले. दोघांचं जुळलं नाही तर दोघांनाही हलता येणार नाही.

"अजिबात नाही?" नानांनी विचारलं.

"अजिबात नाही."

नानांचा चेहरा उजळला. खिशातून डायरी काढून त्यांनी पायरीवरच्या दिव्याखाली लिहायला घेतलं. मी वाकून पाहिलं. वर 'मिलाप' असं नाव होतं, आणि त्याखाली पहिलीच नोंद : प्रास्ताविक, पाऊण तास.